उत्तरभाग आणि रसिकाचा हक्क

एखादी कलाकृति मनांत घर करून बसली आणि कांहीं वर्षांनीं तिचा उत्तरभाग निघणार अशी वार्ता कानीं आली, म्हणजे रसिकाच्या अंतःकरणांत आनंद व भय हीं दोन्ही एकदमच उभीं राहतात. आनंद अशासाठीं कीं, जें संपलें म्हणून आपण हळहळलों तें पुन्हां सुरू होणार. आणि भय अशासाठीं कीं, जें पुन्हां सुरू होईल तें तेंच असेल कशावरून? कादंबरीच्या वाचकाला ही अवस्था नवी नाहीं, नाटकाच्या प्रेक्षकालाही नाहीं. परंतु आजच्या तरुण पिढींत ती सर्वांत तीव्रपणें कोणाच्या ठिकाणीं दिसत असेल, तर ती संगणकावरील खेळांच्या भोक्त्यांच्या ठिकाणीं. पंचवीस वर्षांपूर्वींच्या एखाद्या खेळाचा नवा भाग कसा असावा, यावर आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचे विद्यार्थीही असा हिरिरीनें वाद घालतात, कीं जणूं एखाद्या घराण्याच्या वारसाचा निवाडा चालला आहे. पोरखेळ म्हणून त्याकडे पाठ फिरविणें सोपें आहे. पण त्या वादाच्या मुळाशीं एक खरा नैतिक प्रश्न आहे, आणि तो खेळांपुरताच नाहीं: ज्या कृतीवर आपण मनापासून प्रेम केलें, तिच्या उत्तरभागावर आपला कांहीं हक्क पोहोंचतो काय? पोहोंचत असल्यास तो कोठपर्यंत?

हे खेळ कोणत्या जातीचे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. चारपांच मंडळी एका मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येकजण एकेक सोंग घेतो, कोणी योद्ध्याचें, कोणी मांत्रिकाचें. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग उभे करतो. आणि फांसे टाकीत व परस्परांशीं बोलत कथा पुढें जाते. झाडीपट्टीच्या माणसाला ही कल्पना परकी वाटूं नये. आमच्या दंडारीलाही छापील संहितेचा आधार फारसा नसे. सोंग घेतलेला गडी प्रसंग पाहून बोले आणि समोरच्याला उत्तर देणें भाग पडे. हाच सोंगाचा खेळ पुढें संगणकावर आला. ‘फॉलआउट’ (१९९७) आणि ‘बॉल्डर्स गेट’ (१९९८) हे त्यांतील नामांकित नमुने. यांत खेळणारा नुसता पाहत नाहीं, तो निवड करतो. कोणाला वांचवावें, कोणाला शब्द द्यावा, दिलेला शब्द पाळावा कीं मोडावा, हें त्यानें ठरवावयाचें असतें. आणि त्या ठरविण्याचें फळ त्यालाच पुढें भोगावें लागतें. म्हणून ‘ही कथा मीं वाचली’ असें तो म्हणत नाहीं. ‘ही कथा मीं केली’ असें म्हणतो. त्याचें ममत्व वाचकाच्या ममत्वाहून अधिक चिवट असतें, याचें कारण हें आहे.

आतां या रसिकाच्या आशा व चिंता नीट पारखून पाहूं. जुने सोबती पुन्हां भेटावेत, जुनें जग अधिक विस्तारानें पाहावयास मिळावें, अर्धवट राहिलेल्या सूत्रांची गांठ बसावी, ही त्याची आशा. खेळ सोपा करून बाजारी केला जाईल, संवाद उथळ होतील, निवडीला अर्थ उरणार नाहीं आणि जुन्या नांवाखालीं भलताच माल खपविला जाईल, ही त्याची चिंता. या दोहोंतून एक भाग प्रथमच वजा करावा लागेल. सतराव्या वर्षीं अभ्यास चुकवून रात्रीच्या रात्री ज्यानें एखादा खेळ खेळला, त्याला तो खेळ आठवतो तेव्हां तें सतरावें वर्षही त्याबरोबर आठवतें. आणि उत्तरभागाकडून तो नकळत त्या वर्षाचीच मागणी करीत असतो. आमच्याकडे भात निघाल्यावर, दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, वडसा म्हणजे देसाईगंज येथील नाटक मंडळ्या गांवोगांव फिरतात. मंडईच्या किंवा शंकरपटाच्या निमित्तानें लेकीबाळी माहेरीं येतात, पाहुण्यारावळ्यांनीं घरें भरतात, आणि अंगावर गोधडी घेऊन पहांटेपर्यंत नाटक पाहिलें जातें. ‘पूर्वीचें नाटक आतां राहिलें नाहीं’ असें एखादा वृद्ध म्हणतो, तेव्हां त्याच्या बोलण्यांत नाटकाइतकाच तो गारठा, ती गोधडी आणि शेजारीं बसलेलीं, आज हयात नसलेलीं माणसें असतात. तीं परत आणून देणें कोणत्याही मंडळीच्या हातचें नाहीं. आणि जें देणें कोणाच्याच हातीं नाहीं, त्यावर हक्क सांगणें न्यायाचें नव्हे.

इतकें वजा केल्यावर मागें कांहीं उरतें काय? निर्माता स्वतंत्र आहे, कृति त्याची आहे, न आवडल्यास घेऊं नये, असें एक मत आहे व तें वरवर पाहतां बिनतोड दिसतें. आमच्या मतें त्यांत एक गोष्ट गाळली गेली आहे, ती म्हणजे नांव. नवें नांव घेणारा स्वतःच्या बळावर उभा राहतो. जुनें नांव घेणारा दुसऱ्याच्या पुण्याईवर उभा राहतो, आणि घेतलेल्या पुण्याईचें ऋण असतें. या बाबतींत खेळांच्याच इतिहासांतील एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. १९८८ सालीं निघालेल्या ‘वेस्टलँड’ या खेळाचा उत्तरभाग करण्याची इंटरप्ले या कंपनीची इच्छा होती. परंतु नांवाचा हक्क दुसऱ्या कंपनीकडे असल्यामुळें तो करतां येईना. तेव्हां त्यांनीं नवें नांव घेतलें आणि अणुयुद्धानंतरच्या तशाच उद्ध्वस्त जगाची नवी कथा रचली. तोच १९९७ चा ‘फॉलआउट’. नांवानें जो कोणाचाच उत्तरभाग नव्हता, तो वृत्तीनें खरा वारस ठरला. उलट २००७ सालीं ‘फॉलआउट’ हें नांवच बेथेस्डा या कंपनीनें विकत घेतलें. आमच्या धर्मशास्त्रानें औरस आणि दत्तक असा भेद केला, पण दत्तकाला कमी लेखलें नाहीं. त्याला नांव मिळतें, गोत्र मिळतें, मालमत्ता मिळते. मात्र त्याबरोबर पिंडदानाचें कर्तव्यही येतें. नांव घेतलें आणि श्राद्ध टाळलें, तर तो मालमत्तेचा धनी असेल, वारस नव्हे. रसिकाचा हक्क उगम पावतो तो येथें. निर्मात्याच्या स्वातंत्र्यावर त्याची सत्ता नाहीं. पण निर्मात्यानें आपण होऊन उचललेल्या ऋणाचा तो साक्षी आहे.

मग हें ऋण कशाचें? जुन्या रूपाचें काय? पुष्कळ चाहते तसें समजतात आणि तेथेंच त्यांची गल्लत होते. २००८ सालीं ‘फॉलआउट’चा तिसरा भाग निघाला, तेव्हां वरून पाहावयाचा व आळीपाळीनें चाली करण्याचा जुना थाट जाऊन खेळणाऱ्याच्या डोळ्यांनीं जग दाखविणारा नवा थाट आला. जुन्या भक्तांनीं मोठा आकांत केला. परंतु दोनच वर्षांनीं, २०१० सालीं, ऑब्सिडियन या मंडळीनें त्याच नव्या थाटांत ‘न्यू व्हेगस’ हा खेळ केला, आणि कालपर्यंत आकांत करणाऱ्यांपैकीं अनेकांनीं त्याला डोक्यावर घेतलें. कां? त्यांत खेळणाऱ्याच्या निवडीला पुन्हां वजन आलें होतें. कोणी म्हणेल कीं, ऑब्सिडियनमध्यें जुन्या कर्त्यांपैकीं कांहीं जण होते, म्हणून असें झालें. पण २०२३ सालीं बेल्जियममधील लॅरियन या मंडळीनें ‘बॉल्डर्स गेट’चा तिसरा भाग केला. पहिला खेळ कॅनडांतील बायोवेअरचा. त्याशीं या मंडळीचें रक्ताचें नातें नव्हतें, लढण्याची रीतही त्यांनीं बदलली. तरी जुन्या-नव्या दोन्ही रसिकांनीं त्याचें स्वागत केलें. यावरून आम्हांस असें दिसतें कीं, पूर्वकृतीनें रसिकाला जें वचन दिलेलें असतें तें रूपाचें नसतें, वृत्तीचें असतें. ‘तुझ्या निवडीला येथें किंमत आहे’ हें या खेळांचें वचन. तें पाळलें तर रूप बदललेलें चालतें. तें मोडलें तर हुबेहूब रूपही प्रेतावर चढविलेल्या अलंकारांसारखें दिसतें.

याचें सर्वांत थोर उदाहरण मात्र खेळांत नाहीं; तें आमच्या झाडीच्याच मातींत आहे. भवभूतीनें आपलें गांव विदर्भांतील पद्मपुर असें सांगितलें आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तें आजच्या गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवजवळचें पदमपूर असें ठरविलें. या कवीनें ‘महावीरचरित’ लिहून रामकथेचा पूर्वार्ध रंगविला आणि मग ‘उत्तररामचरित’ लिहिलें. उत्तरभाग, आणि तोही रामायणासारख्या कृतीचा! याहून अधिक भयाची जागा कोणती? आणि त्यानें केलें काय? सीता धरणीच्या पोटांत गेली हा शेवटच त्यानें फिरविला. राम आणि सीता यांची भेट घडविली. आजच्या चाहत्याच्या मापानें पाहिलें तर हा केवढा अपराध! पण भवभूतीनें शेवट बदलतांना रामाला सोडून दिलेलें नाहीं. जनस्थानांत वासंती त्याला सीतेविषयीं असे प्रश्न विचारते कीं, राजधर्माची ढाल त्यांपुढें टिकत नाहीं. आणि अदृश्य असलेली सीता तेथेंच उभी राहून तें सारें ऐकत असते. शेवटच्या अंकांत वाल्मीकीनें रचलेलें नाटक रामापुढें होतें. तो स्वतःच्याच कृत्याचा प्रेक्षक होतो, आणि तें पाहणें न सोसून मूर्च्छित पडतो. निरपराध स्त्रीचा त्याग करणाऱ्या धर्मात्म्याचें काय, हा मूळ कथेंतील कांटा त्यानें काढून टाकला नाहीं, अधिक खोल रुतविला. आणि तसा रुतविल्यावरच पुनर्मीलनाचें सुख दिलें. रूपाशीं फारकत आणि वृत्तीशीं निष्ठा, ही ती गोष्ट.

दुसरें उदाहरण उलट प्रकारचें आहे. एकनाथांचें ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापाशीं राहिलें, तें पुढें त्यांच्या गावबा या शिष्यानें पूर्ण केलें. त्याला शेवट फिरवावयाचा नव्हता, स्वतःचें नांवही मिरवावयाचें नव्हतें. गुरूचें अपुरें राहिलेलें काम पुरें करावयाचें होतें. भवभूतीचें स्वातंत्र्य आणि गावबाची नम्रता या दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक वाट तिसरीच: स्वातंत्र्याची प्रतिभा नाहीं, नम्रतेची तयारी नाहीं, केवळ नांवाची बाजारांतील किंमत तेवढी ठाऊक आहे.

परंतु दोष नेहमीं निर्मात्याकडेच असतो असें नाहीं. २०१२ सालीं ‘वेस्टलँड’च्या उत्तरभागासाठीं ६० हजारांहून अधिक चाहत्यांनीं मिळून २९ लाख डॉलरांवर रक्कम आगाऊ दिली, आणि २०१४ सालीं तो खेळ निघाला. चाहत्यांनीं स्वतः आश्रयदाते व्हावें हें कौतुकास्पदच. पण ज्यानें पैसे दिले त्यानें कथाही सांगावी काय? आमच्याकडे गांवचें मंडळ एका रात्रीसाठीं कंपनीशीं करार करतें, मांडव घालतें, तिकिटें विकतें आणि खोट आली तर सोसतें. म्हणून मंडळाच्या अध्यक्षानें नायकाचे संवाद लिहावेत असें कोणी म्हणत नाहीं. मात्र प्रेक्षकाला आवडतें म्हणून प्रत्येक नाटकांत लावणी आणि ठरीव विनोदाचे प्रवेश घुसडले जातात, ही तक्रार झाडीपट्टींतच ऐकूं येते. प्रेक्षकानें मागितलें, मंडळीनें दिलें, आणि दोघांच्या संमतीनें नाटक पातळ झालें! खेळांतही हेंच होतें. आवडतें पात्र परत आणा, गाजलेलें वाक्य पुन्हां वदवा, अशा मागण्या पुरविणारा उत्तरभाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत. ऋणाचा साक्षी होणें हा रसिकाचा हक्क आहे. पण साक्षीदारानेंच न्यायासनावर चढून हुकूम सोडूं लागणें ही हक्काची मर्यादा सुटणें होय. प्रामाणिकपणाची अपेक्षा त्यानें करावी, आज्ञाधारकपणाची करूं नये.

एक भय मात्र अजून उरतें, आणि तें सर्वांत खोल आहे: वाईट उत्तरभागानें मूळ कृतीलाच कलंक लागेल. आम्हांस हें भय निराधार वाटतें. भवभूतीनें सीता परत आणली, पण वाल्मीकीची सीता आजही धरणींतच आहे. एकीनें दुसरीला पुसलें नाहीं. पूर्वकृतीचा खरा शत्रु विस्मरण होय. संगणक बदलतात आणि जुना खेळ नव्या यंत्रावर उघडेनासा होतो. पोलंडमध्यें २००८ सालीं ‘गुड ओल्ड गेम्स’ ही संस्था निघाली, ती असे खेळ नव्या यंत्रांवर चालते करून विकण्यासाठीं. दंडारीची गोष्ट याहून बिकट आहे, कारण ती गाणाऱ्याच्या कंठांत असते आणि त्याच्याबरोबर जाते. झाडीपट्टीचें आजचें नाटक हें एका अर्थानें दंडारीचाच उत्तरभाग आहे. पडदा आला, रंगमंच आला, तिकीट आलें. तरी रात्रभर जागविण्याची आणि आपल्या माणसांशीं आपल्या बोलींत बोलण्याची वृत्ति त्यानें पुष्कळ अंशीं राखली. २०२० सालच्या करोनाच्या साथींत त्याचा हंगाम बुडाला, तरी तें पुन्हां उभें राहिलें. २०२३ सालीं ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हां या वारसाचा सर्वत्र गौरव झाला. पण ज्या दंडारीचा हा वारसा, ती स्वतः किती गांवांत उभी राहते? डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनीं झाडीबोलीचें व तिच्या लोककलांचें संशोधन केलें, हें उपकारच. पण पुस्तकांतली दंडार आणि मांडवांतली दंडार यांत अंतर आहे.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, उत्तरभागावर रसिकाचा हक्क आहे, आणि तो पूर्वकृतीच्या वचनापुरता आहे. पण त्या हक्काच्या आधीं एक कर्तव्य येतें. जी कृति आपल्याला इतकी प्रिय, ती पुन्हां वाचणें, पुन्हां खेळणें, पुन्हां उभी करणें आणि धाकट्यांच्या हातीं देणें, हें ज्यानें केलें, त्यानेंच तिच्या वारसाकडे जाब मागावा. बाप घरांत उपाशी असतां त्याच्या वारसाची चौकशी करणाऱ्याला आमचे लोक रसिक म्हणणार नाहींत.