लग्नाची अट नसलेला वारसा

प्रेमाखातर घरादारावर पाणी सोडणाऱ्या माणसांचे आपल्याला मोठे कौतुक असते. त्या कौतुकात एक गृहीतक मात्र न तपासता तसेच राहून जाते: मनासारखे लग्न केले की वारसा हातचा जाणार आणि वारसा हवा तर मन मारावे लागणार. ही सांगड माणसांनी, रूढींनी आणि कायद्यांनी घातली, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत ती हळूहळू सैल होत आली आहे. ती पुरती सुटली पाहिजे, असे माझे मत आहे. त्यासाठी गडचिरोलीतल्या सूरजागडकडे पाहायला हवे, कारण तिथे ती आता नव्याने आवळली जाण्याचा धोका आहे.

एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर हे ठाकूरदेवाचे ठाणे. जानेवारीत तिथे जत्रा भरते आणि इलाख्यातल्या गावोगावचे माडिया गोंड जमतात. माडियांची सोयरीक कुळाच्या देवांवरून ठरते. एका गटातले ते दादाभाई, त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक जुळते ती अक्कोमामा मानलेल्या कुळांशी. मामा-आत्याच्या मुलांचा एकमेकांवर पहिला हक्क मानण्याचीही रीत आहे. म्हणजे घरच्यांच्या अपेक्षा इथेही कमी नाहीत. तरीही मुलगी आपल्या पसंतीच्या मुलाकडे निघून गेली, तर पंच बसतात, दंड ठरतो, जेवण घातले जाते आणि जोडप्याला समाजात घेतले जाते. दादाभाईंमधला संबंध तेवढा सहजी माफ होत नाही. या लवचीकपणामागे मला एक आर्थिक कारण दिसते. पेंडा शेतीत जंगलाचा तुकडा साफ करून काही काळ पीक घ्यायचे आणि पुढे सरकायचे; जमीन गावाची, किंमत राबणाऱ्या हातांची. मुलगी गेल्याने कमी होणाऱ्या हातांची भरपाई देज देऊन होते. बापाच्या नावावर सातबाराच नसेल, तर ‘बेदखल करीन’ या धमकीत दम उरत नाही.

जिथे शेत, वाडा आणि वतन घराण्याचे होते, तिथे लग्नही घराण्याचेच झाले. १८५० च्या कायद्याने जात गेली म्हणून वारसा जाणार नाही, असे ठरवले खरे; पण मिश्रविवाहालाच मान्यता नव्हती. १८७२ चा विशेष विवाह कायदा आला, तो आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानत नाही, असे लिहून द्यायला लावणारा. पुढे डॉ. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांतून १९२३ ची दुरुस्ती झाली. या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना धर्म न नाकारता आपसांत लग्न करता येऊ लागले, पण त्याची किंमतही लावली: असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून तुटला, आणि दुसरा हयात मुलगा नसलेल्या बापाला दत्तक घेण्याची मुभा मिळाली. मुलगा डोळ्यांसमोर धडधाकट असताना कायद्याने त्याची जागा रिकामी धरली. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह मांडला, तेव्हा कायद्याची स्थिती ही होती. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानेही ती तुटातूट ठेवली. १९७६ च्या दुरुस्तीने, वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ती संपवली. जोडीदार या चार धर्मांबाहेरचा असेल तर ती अजूनही आहे.

या सगळ्या वाटचालीतून आदिवासी बाहेर राहिले. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे रूढी चालते, आणि मुलीला जमिनीत वाटा नाही, असेच बहुधा धरून चालले जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे केला. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड स्त्रीच्या वारसांना वाटा देताना सांगितले, की मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिचा हिस्सा नाकारणे समतेच्या विरुद्ध आहे. आता सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते आहे. गावाच्या जमिनीला बाजाराची किंमत आली, की कागदावर नाव कोणाचे हा प्रश्न घराघरांत शिरतो. कागद हातात असणारा मग लग्नावरही हुकमत सांगू शकतो. पंचांचा दंड एकदा भरला की मिटायचा. जमिनीतून उठवलेल्या माणसाला तसा परतीचा रस्ता नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की मुलींना वाटा दिला तर बाहेरचे लोक लग्नाच्या निमित्ताने आदिवासींची जमीन गिळतील. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय हस्तांतरणाच्या बंदीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाण्यास मनाई केली आहे, वनहक्काचा पट्टाही विकता येत नाही. ही बंदी कसोशीने राबवावी. तिच्या ढिलाईची शिक्षा मुलीला कशासाठी? दुसरा आक्षेप आईबापांचा: वाढवले आम्ही, मग शब्द का मोडावा? नाराज होण्याचा, मांडवात न येण्याचा अधिकार त्यांना आहेच, आणि स्वकष्टाच्या मिळकतीचे मृत्युपत्र अडवावे असेही मी म्हणत नाही. पण पूर्वजांकडून आलेली जमीन त्यांच्याकडेही लग्नाची अट न घालता आलेली असते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: बाहेरच्या कायद्याने माडियांच्या रीतीत ढवळाढवळ करू नये. म्हणूनच हे काम ग्रामसभेने करावे. १९९६ च्या पेसा कायद्याने रूढी जपण्याचा अधिकार तिलाच दिला आहे. निघून गेलेल्या जोडप्याला सामावून घेणारी रीत तिच्याजवळ आहेच. तीच रीत जमिनीला लावून, वाटा जन्माने मिळतो आणि लग्नाने जात नाही, असा ठराव तिने करावा.

वारसा सोडून प्रेम निवडणाऱ्यांचे धैर्य मोठेच आहे. पण अशा धैर्याचे गोडवे गाणारा समाज ते करायला भाग पाडणारी अटही तशीच ठेवत असेल, तर ते कौतुक त्याला शोभत नाही. प्रेम आणि वारसा यांतले एकच निवडायला लावणारी अट काढून टाकणे, हेच त्या माणसांचे खरे ऋण फेडणे आहे.