मोजणी आणि खात्री

टिटवाळ्याच्या मतदाराने नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेसाठी बटण दाबले तेव्हा आपल्या उमेदवाराची चिठ्ठी त्याला काचेआड सात सेकंद दिसली. जानेवारी २०२६ मध्ये त्याने कल्याण-डोंबिवली महापालिकेसाठी मत दिले तेव्हा यंत्राला चिठ्ठीची जोड नव्हती. यंत्र दोन्ही वेळा अचूक चालले असेल. मग त्या सात सेकंदांचे मोल कोणते?

कागद निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये उमटला की मत बाद होई. थकलेला हात गठ्ठे मोजताना चुके. यंत्राने हे दोष दूर केले. २०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबईत यंत्रांतील मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतपत्रिका मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. वाद झाला तो यंत्रावरून, तसाच कागदावरूनही.

तथापि मोजणी अचूक असणे आणि तशी खात्री पटणे या दोन गोष्टी आहेत. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीत २०२४ च्या विधानसभेला उत्तमराव जानकरांना ८४३ आणि राम सातपुते यांना १००३ मते मिळाली. जानकर माळशिरसमधून निवडून आले, तरी गावकऱ्यांना गावचा आकडा पटला नाही. ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेण्याचे त्यांनी ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि बेत सोडावा लागला. अशा मतदानाला कायद्याचा आधार नाही, हे खरे. पण बंदीने शंका मिटत नाही. ती मनात मुरते.

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी मतपत्रिकांकडे परतण्याची व सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याची पद्धत कायम राहिली. जर्मनीच्या घटना न्यायालयाने मात्र २००९ मध्ये म्हटले होते की, विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मोजणी पडताळता आली पाहिजे.

ही कसोटी आम्हांला मुळात नैतिक वाटते. जिंकणाऱ्याला कोणतीही मोजणी पटते. पराभूताला जी पटते तीच खरी मोजणी. यंत्र राहावे, पण चिठ्ठी प्रत्येक निवडणुकीत असावी आणि शंका घेणाऱ्यासमोर ती मोजली जावी. लोकशाहीत शंका घेणे हा अपराध नव्हे. पुरावा समोर ठेवल्यावरही तो न मानणे हा मात्र दुराग्रह होय. आणि पुरावाच न ठेवणे हा त्याहून मोठा दोष.