माळकऱ्याने कर्णपुऱ्याला जावे काय?



आश्विन लागला की आम्हांस एक प्रश्न हमखास येतो. कीर्तन आटोपते, बुक्का लावून होतो, मंडळी पांगतात आणि एखादा माळकरी मागे रेंगाळतो. हळूच विचारतो, "महाराज, घरची मंडळी नवरात्रात कर्णपुऱ्याच्या आईला निघाली आहेत. माझ्या गळ्यात माळ. मी जावे की न जावे?"

प्रश्न लहान दिसतो, पण यावरून घरात अबोले धरलेले आम्ही पाहिले आहेत. म्हणून आज त्याचाच विचार करू.

छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या भागात कर्णपुरा आहे. तिथे तुळजाभवानीचे जुने देऊळ. हे शहर मलिक अंबराने १६१० साली खडकी गावी वसविले. १६५३ साली त्याचे औरंगाबाद झाले, २०२३ साली आजचे नाव मिळाले. मोगलांच्या चाकरीत दक्षिणेत आलेला बिकानेरचा राजा कर्णसिंह, त्याच्या नावाचा हा कर्णपुरा. त्याचा पुत्र पदमसिंह, त्याच्या नावाचा शेजारचा पदमपुरा. देवीची स्थापना या कर्णसिंहानेच केली असे परंपरेने सांगतात. १६६९ साली त्याने याच शहरात देह ठेवला. पाहा बरे! राज्य बिकानेरला, चाकरी दिल्लीपतीची आणि माती पडली मराठवाड्यात. परमुलखात माणसाला काय आठवते? आई आठवते. ती चाकरी गेली, ती पातशाही गेली. आईचे देऊळ मात्र राहिले. नवरात्रात पहाटेच्या अंधारात आयाबाया अनवाणी चालत तिथे येतात, नऊ दिवस यात्रा भरते.

आता माळकरी म्हणतो, "आमची निष्ठा एका विठ्ठलावर." बाबा रे, फार चांगले. पण त्या विठ्ठलाला तू हाक कोणती मारतोस? विठाई, विठाबाई, माउली! ज्ञानोबारायांना काय म्हणतोस? माउली! ज्या संप्रदायाने देवाला आई केले, गुरूला आई केले, त्याला आईचेच देऊळ परके कसे वाटावे? निष्ठा म्हणजे एकाला धरणे. दुसऱ्याला झिडकारणे ही निष्ठा नव्हे, तो अभिमान आहे. गळ्यात माळ आली आणि मानेचा ताठा गेला नाही, तर ती माळ नुसता लाकडाचा भार झाली.

हे आमच्या पदरचे नाही. नाथांकडे चला. कर्णपुऱ्याहून देवगिरीचा किल्ला पंधरा किलोमीटरच्या आसपास. तिथे जनार्दनस्वामींच्या पायाशी नाथ वाढले. दक्षिणेला पन्नासएक किलोमीटरवर पैठण; तिथे १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथ गोदामाईत सामावले. भागवताचे एवढे थोर भाष्यकार, पण त्यांनी भवानीचा जोगवा लिहिला. त्यात आई मारते तो महिषासुर कोण? आपल्या आतला मोह. आणि भक्ताने टाकायचे काय? हा माझा, तो परका, हा भेद.

नाथांचे एक भारूडही सर्वांना ठाऊक आहे. एक सून भवानीला रोडगा कबूल करते. मागते काय? सासरा जावा, सासू जावी, जाऊ, नणंद, नवरा, सगळे जावेत आणि मी एकटी राहावी! लोक पोट धरून हसतात. हसू ओसरले की कळते, अरे, हा तर आपलाच नवस! रोडगा देऊ, नारळ देऊ, आणि बदल्यात शेजाऱ्याचे वाईट कर. आईशी असा बाजार करायचा नाही. आणि आत पाहिले तर ते सासर म्हणजे जिवाला बांधून ठेवणारा गोतावळा. तो सुटला की जीव देवापाशी एकटा उरतो.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण झाकून ठेवली तर प्रवचन खोटे ठरेल.

आमची आई थकली होती. गुडघे साथ देईनात. एका नवरात्रात म्हणाली, "बाळा, यंदा मला कर्णपुऱ्याला नेतोस का रे? एकवार आईच्या पायाशी डोकं टेकवावं म्हणते." आम्हांस नवीन माळ, नवे ज्ञान. ठसक्यात म्हणालो, "आई, आमची वारी एकच, देव एकच." ती काही बोलली नाही. शेजारणींच्या आधाराने, थांबत थांबत गेली. संध्याकाळी परतली, प्रसादाचे खोबरे आमच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "तुझ्यासाठीसुद्धा मागितलं हो." पुढचे नवरात्र तिने पाहिले नाही.

त्या आषाढीला पंढरपुरी गेलो. विटेवरचे ते समचरण समोर आले आणि मनात चर्र झाले. हा देव इथे उभा कशासाठी? एक लेक आईबापांचे पाय चेपत होता, त्याने फेकलेल्या विटेवर तिष्ठत उभा. जो देव आईच्या सेवेसाठी थांबला, त्याचे नाव पुढे करून आम्ही आईला एकटे पाठवले होते. पुंडलिकाचा गजर जन्मभर केला, पुंडलीक मात्र कळला नाही.

आश्विनात एकटेच कर्णपुऱ्याला गेलो. रांगेत पुढे एक म्हातारी होती, पायरी चढताना थबकली. हात पुढे केला. तिने धरला. तिच्यासंगे आत गेलो, डोके टेकवले. मागितले काहीच नाही. काय मागणार? मागायचे ते आई आधीच मागून गेली होती.

म्हणून विचारणाऱ्या माळकऱ्याला आमचे सांगणे इतकेच: जा. नवसाचा सौदा करू नकोस, जिवाच्या हत्येत वाटा घेऊ नकोस, तुळशीचा नेम मोडू नकोस, मुखी नाम असू दे. आणि घरात म्हातारी आई असेल तर तिचा हात धरून जा. तो हात सुटला की मग कितीही वाऱ्या केल्या तरी तो पुन्हा धरता येत नाही.

रामकृष्ण हरी.