रात्र दिली, दिवसाचे काय?

दानधर्मात आपला समाज मागे आहे असे कुणी म्हणणार नाही. रमजानमध्ये जकातीचा आणि फित्र्याचा हिशेब घरोघर होतो. थंडी पडली की मोहल्ल्यातली तरुण मुले रात्री बारा वाजता पुलाखाली फिरून झोपलेल्यांच्या अंगावर ब्लँकेटे घालून येतात. याच मोहल्ल्यात बेघरांसाठी चोवीस तास उघडा राहणारा निवारा काढण्याचा विषय निघाला, की मात्र माणसे गप्प होतात. मला हे ढोंग वाटत नाही. यात एक खरा नैतिक प्रश्न आहे आणि तो आपण नीट पाहिलेला नाही.

मुंबईच्या ज्या उपनगरात मी शिकवतो, तिथे पटसंख्या घटून बंद पडलेल्या एका शाळेच्या इमारतीवरून अशी चर्चा झाली. बैठकीत कुणी निर्दयपणे बोलले नाही. एक बुजुर्ग म्हणाले, "रात को सोने दो, हमारी ना नहीं. पण सकाळी सातला बाहेर काढा. दिवसभर इथे बसून राहिले तर आमच्या मुलीबाळींनी जायचे-यायचे कसे?" बऱ्याच माना हलल्या. म्हणजे हरकत माणसाला नव्हती, दिवसाला होती. अंधारात झोपलेला माणूस चालतो, कारण त्याच्याशी बोलावे लागत नाही. तोच सकाळी पायरीवर बसला की सलाम करावा लागतो, नाव विचारावे लागते. तो शेजारी होतो, आणि शेजाऱ्याचा हक्क काय असतो हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. म्हणून तर तो दिवसा नको असतो.

आता या माणसाचा दिवस पाहू. भाजीबाजारात रात्रभर हमाली करणारा पहाटे मोकळा होतो. त्याची झोप सकाळी दहाची. लग्नाच्या हॉलमध्ये वाढप्याचे काम करणारा पोरगा रात्री तीनला परततो. क्षयरोग्याला सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या असतात, त्या ठेवायच्या कुठे? सकाळी सातला दार बंद करणारा निवारा या सगळ्यांना बोचके डोक्यावर देऊन रस्त्यावर काढतो. त्या बोचक्यातच आधार कार्ड असते, आणि ते वर्षातून एकदा तरी हरवते किंवा भिजते.

न्यायालयाला हे कळले होते. दिल्लीत डिसेंबर 2009 मध्ये, ऐन थंडीत, पुसा रोडवरचा तात्पुरता रैनबसेरा महापालिकेने हटवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यातच 2010 मध्ये आदेश निघाले, की शहरांनी दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारावा आणि तो वर्षभर, चोवीस तास चालावा. 2013 मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानेही तोच निकष धरला. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती, आणि बेघर सुमारे 57 हजार मोजले गेले. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. महापालिका त्याच्या फार मागे आहे. जागा नाही, निधी नाही ही कारणे सांगितली जातात. 'आमच्या गल्लीत नको' हे कारण फायलीत लिहिले जात नाही एवढेच.

बुजुर्गांची भीती खोटी नाही. गर्दुल्ल्यांचा उपद्रव आमच्या भागाने भोगला आहे. पण सकाळी सातला पन्नास माणसे बाहेर काढली तर ती जातील कुठे? त्याच नाक्यावर, त्याच पायऱ्यांवर. आत बसायला जागा, संडास, नोंदवही आणि एक रखवालदार असेल तर मुलींची वाट उलट जास्त मोकळी राहील. स्त्रियांचा निवारा वेगळा हवा, याबद्दल तर कुणाचे दुमतच नाही.

आपल्याकडे मदिन्याच्या सुफ्फ्याची आठवण वाजात नेहमी येते. मस्जिदे नबवीला लागून शाकारलेला एक ओटा, आणि तिथे राहणारे घर-दार नसलेले सहाबी. हजरत अबू हुरैरा त्यांच्यातलेच. ही माणसे सकाळी उठवून लावली जात नव्हती. दिवसाही ती तिथेच असत, शिकत, काही जण लाकूडफाटा आणून विकत. ज्याच्या घरी दोघांचे जेवण असेल त्याने त्यांच्यातला एक तिसरा घेऊन जावा, अशी पैगंबरांची (स.) सूचना होती. वाजात यातली गरिबी सांगितली जाते, शेजार फारसा सांगितला जात नाही.

नंतर आपण मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात किती हाजी उतरले असतील! तिकडे गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. या परंपरेचा अभिमान वाटावा असाच आहे. पण हाजी जातो, वारकरीही घरी परततो. पुलाखालच्या माणसाला परतायला घर नसते, आणि न जाणाऱ्या पाहुण्याचे काय करायचे, हा विचार आपण टाळत आलो.

बेघराचे नाव मतदारयादीत घालताना सरकारी कर्मचारी रात्री येऊन तो सांगितलेल्या जागी खरेच झोपतो का, हे पाहून जातो. सरकारचे काम रात्रीवर भागते. शाळेचे भागत नाही. माझ्या वर्गात पुलाखालून येणारी मुले असतात. शाळा दुपारी सुटते, गृहपाठ दुपारी व्हायचा असतो. जून-जुलैत त्यांची पुस्तके आधी भिजून फुगतात, मग हजेरी उतरते.

पैशाचा मुद्दा हमखास निघतो. जकात गरजूच्या मालकीची झाली पाहिजे, ती इमारतीला लावता येत नाही, असे हनफी उलेमा सांगतात. ठीक आहे. इमारतीसाठी वक्फ आहे. रखवालदाराचा पगार आणि पाणी-दिवे लिल्लाह रकमेतून भागतील. जकात निवाऱ्यातल्या माणसाच्या हाती द्यावी, औषधाला किंवा भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटला. माझी जमातीच्या मंडळींना विनंती एवढीच आहे, की पुढच्या बैठकीत पैशावर नंतर बोलावे. आधी दार दुपारी दोन वाजता उघडे राहणार की नाही, ते ठरवावे.