अपराध एकाचा, दंड दुसऱ्यास

एका मनुष्याने अपराध केला, अथवा केला अशी नुसती वदंता उठली, तर त्याच्या धर्माचे नाव धारण करणाऱ्या दुसऱ्यास दंड करणे न्याय्य आहे काय? 'नाही' असे आपण सहज म्हणतो. परंतु प्रसंग आला म्हणजे हे उत्तर टिकत नाही.

ता. 14 जुलै 2024 रोजी आमच्याच शाहूवाडी तालुक्यात, विशाळगडावरील अतिक्रमणे काढावी या मागणीसाठी मोठा जमाव जमला. वाद गडावरील बांधकामांचा होता, व त्याचा निवाडा करण्यास सरकार व न्यायालय होते. तथापि कित्येकांचा क्रोध उतरला तो गडाखालच्या गजापुरातील मुसलमान वस्तीवर. घरे फोडली, वाहने मोडली, मशिदीची नासधूस केली. गडावरील भिंत बेकायदा असेल वा नसेल. गजापुरातील चुलीने कोणता कायदा मोडला होता?

त्याच महिन्यात, ता. 29 रोजी, इंग्लंडातील साउथपोर्ट गावी तीन बालिकांचा खून झाला. खुनी मुसलमान आहे अशी खोटी बातमी पसरली, आणि दुसऱ्याच दिवशी जमावाने तेथील मशिदीवर दगडविटा फेकल्या. पुढे कळले की, खुनी ब्रिटनमध्येच जन्मलेला असून त्याचे घराणे ख्रिस्ती होते. मग त्या जमावाच्या न्यायाने आमची उपासनामंदिरे फोडावयास नकोत काय?

जर्मनीत ड्रेस्डेन शहरी 2014 साली पेगिडा नावाची इस्लामविरोधी चळवळ निघाली. तिच्या मिरवणुकांत क्रूसही मिरविला गेला. ज्यावर आमच्या प्रभूने वैऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याचीच काठी केली! ता. 5 जानेवारी 2015 रोजी कोलोन शहरात अशी मिरवणूक निघाली, तेव्हा तेथील महामंदिराने आपले दिवे मालविले. द्वेषाला उजेड दाखविणे हे मंडळीचे काम नव्हे.

कोणी म्हणतील, 'इस्लामचे मत आम्हास मान्य नाही.' ठीक आहे. मताचे उत्तर मताने द्यावे, आणि ते प्रीतीने द्यावे. ज्याचे घर आम्ही फोडले, अथवा फुटताना मुकाट्याने पाहिले, त्याच्या दारी शुभवर्तमान कोणत्या तोंडाने न्यावे?

दुसरे कोणी म्हणतील, 'हा त्यांचा तंटा. आपण थोडके, आपण गप्प बसावे.' ही भीती आम्हासही ठाऊक आहे. परंतु वाटेत घायाळ पडलेल्यास टाकून पलीकडून गेलेले दोघे याजक व लेवी हेही गप्पच होते. प्रभूने शेजारधर्माचा कित्ता म्हणून पुढे केला तो शोमरोनी, म्हणजे ज्याचे मत ऐकणाऱ्यांस मान्य नव्हते असा मनुष्य.

यास्तव, प्रिय बंधुभगिनींनो, गावात वदंता आली तर प्रथम चौकशी करा. खरी ठरेपर्यंत ती दुसऱ्याच्या कानी घालू नका, कारण खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपणास आहे. अपराधी सापडला तर तो न्यायालयाच्या स्वाधीन असो. आणि निरपराध्याचे दार फुटले, तर आपले उघडे ठेवा.