वायूला रूप आहे काय?

परभणी जिल्ह्यातील पाथरी म्हणजे जुने पार्थपूर. तेथील ज्योतिषी ज्ञानराज याने शके १४२५ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ रचून, पुराणांतील विश्वरचना व गणिताने सिद्ध होणारी विश्वरचना यांचा कज्जा, शक्य तेथवर कोणासही खोटे न ठरविता, मिटविण्याचा खटाटोप केला. त्याच रीतीने आणखी एक कज्जा तपासण्याजोगा आहे. वैशेषिकांनी वायूला स्पर्श दिला, रूप नाकारले; प्राचीनांनी त्याचे अस्तित्व स्पर्शावरून अनुमानिले, नव्यांनी तो त्वचेला प्रत्यक्षच मानला; पण तो चक्षूचा विषय नव्हे, याविषयी दोहोंचे एकमत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाइप्झिगच्या व्हिक्टर शूमान या यंत्रव्यवसायी गृहस्थाने जंबुपार वर्णपट सुमारे १८५ नॅनोमीटरपाशी का तुटतो याचा छडा लावताना क्वार्ट्‌झऐवजी फ्ल्युओराइटची भिंगे बसविली, छायाचित्रणाच्या काचेवरील जिलेटिन घटविले आणि उपकरणातील हवा उपसून काढली, तेव्हा लोपलेला प्रकाश परत आला. प्रकाश अडविणारा मुख्यतः प्राणवायू होता. त्याचा रेणू २४२ नॅनोमीटरहून आखूड लहरी शोषून दुभंगू शकतो. २०० च्या खाली त्याचे शोषणपट्टे दाटत जातात आणि १७५ च्या खाली सलग काळोख पसरतो. अतिउंचावर सुटा झालेला अणू मात्र १३० नॅनोमीटरपाशी तीन बारीक रेषांनी आपली नोंद करतो.

भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानीत, पण एका अटीवर: वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी, अंधाऱ्या खोलीत घागर न दिसल्याने ती नाही असे ठरत नाही. शूमानच्या काचेवरील कोरी जागा एकटी काहीच सिद्ध करीत नव्हती, कारण दिवाच निस्तेज असेल, भिंगच सदोष असेल. हवा काढताच प्रकाश उमटला, तेव्हा कुठे ती साक्ष दाखल करून घेण्याजोगी झाली, आणि प्रकाशाच्या अभावावरून वायूचा भाव शाबीत झाला.

म्हणून वैशेषिकांचा फैसला रद्द करण्याचे कारण नाही. रूप म्हणजे चक्षूचा विषय, या त्यांच्या व्याख्येपुरता वायू अरूपच राहतो. परंतु अरूपता हा वायूचा स्वभावच समजून निर्गुण ब्रह्माला त्याचा दृष्टांत देण्याची जी चाल कीर्तनांतून आढळते, ती मला मान्य नाही, कारण तीत आपल्या दृष्टीची मर्यादा वस्तूच्या माथी मारली जाते. निर्गुणवाद्यांनी दुसरा दृष्टांत शोधावा.