थोड्या प्रवाशांचे देणे: जर्मन रेलबसच्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न

ज्या सेवेचा लाभ थोड्यांना मिळतो आणि जिचा भार मात्र सगळ्या समाजावर पडतो, ती चालू ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे की केवळ औदार्य, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीत रेल्वेच्या जमाखर्चातून नव्याने उभा राहिला. खेड्यांना जवळच्या शहरांशी जोडणारे अनेक शाखामार्ग तोट्यात होते, कारण वाफेचे इंजिन, त्यावरचा चालक, कोळसा टाकणारा कामगार, गार्ड आणि मागचे डबे असा सारा लवाजमा मूठभर प्रवाशांसाठी रोज हलवावा लागे. अधिकांत अधिक लोकांचे अधिकांत अधिक सुख हाच योग्यायोग्यतेचा निकष मानणाऱ्या उपयुक्ततावादाला येथे निर्णय देणे अवघड नाही: तोच पैसा गर्दीच्या मार्गांवर खर्च केला तर एकूण सुख वाढते, म्हणून शाखामार्ग बंद करावेत. या उत्तरात हिशेबाची चूक नाही, परंतु ज्याच्या गावाहून दुसरे कोणतेही वाहन सुटत नाही त्या माणसाचे काय, हे त्यात विचारलेच जात नाही.

क्रेफेल्ड शहरातील उर्डिंगेन येथे डबे बांधणाऱ्या कारखान्याने १९५० मध्ये या प्रश्नाला जे उत्तर दिले ते लोखंडात घडवलेले होते. व्हीटी ९५ या नावाची ही रेलबस, म्हणजे बसच्या रचनेतून उतरलेली स्वयंचलित डिझेल गाडी, चारच चाकांवर उभी होती. तिच्या मजल्याखाली बसून जाणारे ब्यूसिंग कंपनीचे इंजिन मूळचे मालमोटारी आणि बसगाड्यांच्या घराण्यातले होते, आणि दोन्ही टोकांना चालकाची जागा असल्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन फिरवून जोडण्याचा खटाटोप उरत नसे. बाकांच्या पाठी उलटवता येत, त्यामुळे परतीच्या वाटेवरही प्रवाशाला पुढे पाहत बसता येई. पहिल्या नमुन्यांत दोन आसांमधले अंतर साडेचार मीटर होते. त्याहून अधिक अंतर नियमांत बसत नव्हते, परंतु लांब गाडीत अधिक माणसे मावतात आणि ती रुळांवर स्थिर चालते, म्हणून पुढच्या गाड्यांसाठी खास परवानगी घेऊन ते सहा मीटर करण्यात आले. १९५५ पासून आलेल्या व्हीटी ९८ मध्ये प्रत्येकी १५० अश्वशक्तीची दोन इंजिने होती आणि नेहमीच्या डब्यांना जोडता येतील असे बफर व जोडण्या होत्या. शाखामार्गांची तारणहार ही तिची ओळख जर्मनीत आजही टिकून आहे.

या रचनेचे नैतिक महत्त्व तत्त्वज्ञ कांटच्या एका सिद्धान्ताच्या आधारे नीट दिसते. कर्तव्य सामर्थ्याला गृहीत धरते, जे करणे अशक्य आहे ते करण्यास कोणीही बांधलेला नसतो, असा तो सिद्धान्त आहे. कांटने त्याचा उपयोग बहुधा कर्तव्याकडून सामर्थ्याकडे जाण्यासाठी केला: कर्तव्याची जाणीव झाली आहे, त्या अर्थी ते पार पाडण्याची शक्तीही माणसात असलीच पाहिजे. संस्था मात्र हाच नियम उलट्या वाटेने चालवतात; परवडत नाही, सबब बंधन नाही, असे म्हणून त्या मोकळ्या होतात. तर्कदृष्ट्या दोन्ही वाटा एकाच विधानाच्या आहेत, पण सामर्थ्याची सीमा निसर्गाने आखून दिलेली असते हे संस्थांचे गृहीतक खरे नाही. थोडक्या इंधनात आणि थोडक्या माणसांत चालणारी गाडी ज्याने आखली, त्याने अशक्यतेची सबब मागे रेटली आणि तेवढ्यापुरते कर्तव्याचे क्षेत्र वाढवले. म्हणून काटकसरीची रचना हा केवळ तंत्राचा भाग मानता येत नाही. ती स्वतःच एक नैतिक कृती आहे.

मात्र काटकसरीची किंमत कोण मोजतो, हे विचारल्याशिवाय तिची थोरवी गाणे अन्यायाचे होईल. २७ मे १९७१ रोजी राडेफोर्मवाल्डजवळील डालेराऊ येथे एकेरी मार्गावर एक मालगाडी आणि सहलीहून परतणाऱ्या शाळकरी मुलांची रेलबस समोरासमोर आदळली; ४६ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांपैकी ४१ विद्यार्थी होते. अपघाताचे मूळ इशाऱ्याच्या घोटाळ्यात होते, गाडीच्या बांधणीत नव्हते. तरीही जड मालगाडीपुढे त्या हलक्या सांगाड्याचा निभाव लागला नाही, आणि ज्या हलकेपणामुळे ती खेड्यापर्यंत पोहोचू शकली होती त्याच हलकेपणाने त्या दिवशी मुलांना उघडे पाडले. थोड्यांना सेवा द्यायची म्हणजे कमी सुरक्षित सेवा द्यायची, असा सौदा कोणत्याही न्यायाच्या कल्पनेत बसत नाही, कारण तो ज्यांच्या जिवावर होतो त्यांना विचारून केलेला नसतो. सामर्थ्य वाढवणाऱ्यावर सेवा देण्याच्या ऋणाबरोबर ती सुरक्षित ठेवण्याचे हे दुसरे ऋण असते, आणि ते पहिल्याहून जड आहे.

रेलबस आल्यानंतरही पुष्कळ मार्ग बंद पडले, त्यामुळे तिने मरण केवळ लांबवले असा आक्षेप घेता येतो. त्याला उत्तर पुढच्या पिढीच्या गाड्यांनी दिले. १ जानेवारी १९९६ पासून प्रादेशिक रेल्वेसेवेची जबाबदारी जर्मनीतील राज्यांकडे आली आणि लोकांना पुरेशी वाहतूक उपलब्ध करून देणे हे सार्वजनिक जीवनाधाराचे, म्हणजे माणसाला जगण्यासाठी लागणाऱ्या मूलभूत सोयी पुरवण्याचे, काम आहे असे कायद्यानेच म्हटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्योब्लिंगेन ते डेटेनहाउझेन हा श्योनबुख मार्ग पुन्हा सुरू झाला. त्यावरची प्रवासी वाहतूक १९६० च्या दशकात थांबली होती. रेगिओ-शटल या नव्या डिझेल गाड्या त्यावर धावू लागल्या. त्यांचा मजला गाडीच्या बऱ्याच भागात फलाटाच्या जवळपास खाली उतरवलेला असल्याने वृद्धांना आणि बाळगाडी घेऊन येणाऱ्यांना चढणे सोपे झाले. अपेक्षेहून कितीतरी अधिक प्रवासी आले, आणि येथेच उपयुक्ततावादी बेरजेतील खरा दोष उघड होतो: प्रवाशांची संख्या ही सेवेच्या आधी ठरलेली वस्तू आहे असे ती बेरीज धरून चालते, वस्तुतः गाडी कशी आहे, किती वेळा येते आणि तिच्यात चढता येते का, यांवर ती संख्या घडत असते. एकेकाळी बंद करण्यास योग्य ठरलेल्या या मार्गावरची गर्दी पुढे डिझेल गाड्यांनाही पेलेनाशी झाली, आणि २०१९ मध्ये त्यावर विजेच्या तारा टाकून विद्युत गाड्या आणाव्या लागल्या.